ऐरावताची डोंगरयात्रा

अलिबागचा किनारा पाहावयास येणारा प्रवासी बहुधा समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. समोरचा कुलाबा किल्ला, ओहोटीची ओली वाळू आणि मावळता सूर्य एवढें पाहून झालें, म्हणजे आपण हा मुलूख पाहिला असें समजून तो परत फिरतो. परंतु ज्या बाजूस त्याची पाठ असते, त्या बाजूस डोंगरांची एक ओळ या किनाऱ्यावर पहारा करीत उभी आहे. उत्तरेस मापगांवावरचा कनकेश्वर, पूर्वेस खंडाळ्यावरचा सागरगड, दक्षिणेस चौलच्या टेकड्या आणि रेवदंड्याची खाडी ओलांडली कीं थेट समुद्रांत घुसलेला कोर्लईचा डोंगर. सह्याद्रीच्या मानानें यांपैकीं एकही उंच नव्हे. सारे दीड हजार फुटांच्या आंतले. पण पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीवर असल्यामुळें येथें एक फूटही फुकट मिळत नाहीं. सगळी उंची स्वतःच्या पायांनीं कमवावी लागते. ज्या जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत व आतां रायगड म्हणतात, त्याचें खरें दर्शन या डोंगरांवरूनच घडतें, असें आमचें मत आहे.

गेल्या वर्षभरांत आम्ही या डोंगरांवर तीनदां गेलों. मंडळी चार : आम्ही उभयतां, आमची आठ वर्षांची कन्या आणि एक हत्ती. हत्ती म्हटल्यावर वाचकांनीं दचकूं नये. हा हत्ती उंचीनें वीतभर, वजनानें पावशेराच्या आंत, आणि रंगानें पांढरा. निदान आरंभीं तरी पांढरा होता. तो आमच्या मातोश्रींनीं घरीं शिवलेला आहे, आणि त्याचें कापड म्हणजे आमच्या कैलासवासी वडिलांचें एक जुनें धोतर होय.

वडिलांना घरांत सारे अण्णा म्हणत. ते अलिबागेस शिक्षक होते, आणि रविवार उजाडला कीं कोठल्या ना कोठल्या डोंगरावर जाणें हा त्यांचा नेम होता. अण्णांना जाऊन आतां चार वर्षें होत आलीं. त्यांच्या मागें मातोश्रींनीं घरांतला सर्व क्रम नीट चालू ठेवला. पण डोंगरांचें नांव मात्र त्यांच्या तोंडून निघेनासें झालें. अण्णांचीं धोतरें ट्रंकेंत घडी घालून ठेवलेलीं होतीं. गेल्या भाद्रपदांत गणपतीसाठीं आम्ही अलिबागेस गेलों असतां कन्येनें, 'आजी, मला गणपतीसारखा हत्ती करून दे. पण विसर्जन न करायचा,' असा हट्ट धरिला. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. दुसरे दिवशीं दुपारीं पाहतों तों ट्रंक उघडी, धोतर जमिनीवर पसरलेलें, आणि मातोश्री कोळशाच्या तुकड्यानें त्यावर हत्तीची बाह्याकृति काढीत बसलेल्या.

वापरून वापरून मऊ झालेलें धोतर अशा कामास फार चांगलें. दोन्ही बाजूंचे दोन तुकडे, पोटाखालची व पायांच्या आंतल्या बाजूची एक रुंद पट्टी, दुपदरी कान, आणि पिळून केलेली दोऱ्याची शेपटी, एवढाच काय तो हत्ती. उलट्या बाजूनें बारीक टीप घालून तीन बोटें जागा उघडी ठेवावयाची, तिच्यांतून हत्ती उलटवून सुलटा करावयाचा, आणि मग कापूस भरावयाचा. डोळे त्यांनीं काळ्या दोऱ्यानें भरले. बटणें लावलीं नाहींत. बटण सुटतें आणि पोरें गिळतात, असें त्यांचें म्हणणें. पांढरा म्हणून, आणि समुद्रमंथनांतून निघालेल्या हत्तीचें नांव समुद्रकांठच्या घरांत जन्मलेल्या हत्तीस शोभतें म्हणून, कन्येनें त्याचें नांव ऐरावत ठेविलें. तें नांव सुचविणाऱ्याही तिच्या आजीच.

पहिली यात्रा दिवाळीच्या सुट्टींत कनकेश्वराची झाली. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास बोटीनें उतरावें आणि अलिबागच्या रस्त्यास लागावें, म्हणजे डाव्या हातास हा झाडींनें भरलेला डोंगर दिसूं लागतो. मापगांवापासून वरपर्यंत काळ्या दगडाच्या सुमारें सातशें पायऱ्या आहेत. रघूजी आंग्र्यांच्या कारकीर्दींत, म्हणजे अठराव्या शतकांत, त्या बांधल्या गेल्या. वाटेंतल्या विसाव्यांचीं नांवें गोड आहेत : नागोबाचा टप्पा, देवाची पायरी, गायमांडी, पालेश्वर. आमच्या कन्येचा जन्म शहरांतल्या इमारतींत, तिसऱ्या मजल्यावर. तिला चढण्याची सवय म्हणजे लिफ्ट बंद पडेल त्या दिवसापुरती. पन्नास पायऱ्यांनंतर ती खालीं बसेल आणि आम्हांस तिला खांद्यावर घ्यावें लागेल, असा आमचा अंदाज होता.

तसें झालें नाहीं. शंभराव्या पायरीच्या सुमारास तिनें घोषणा केली ती अशी : 'ऐरावत दमला आहे. पण तो लहान आहे, म्हणून त्याला मी घेतें.' त्यानंतर सातशेव्या पायरीपर्यंत स्वतःच्या दमण्याविषयीं तिनें चकार शब्द काढला नाहीं. ऐरावताला तहान लागे, ऐरावताला ऊन लागे, ऐरावताला माकडांचें भय वाटे. आणि या प्रत्येक संकटांत त्याचा सांभाळ करणारी ती, अर्थात् तिला स्वतः भिण्यास सवडच उरली नाहीं. मोठ्या माणसाचा हात धरून मूल डोंगर चढतें हें खरें. पण आपल्याहून लहान कोणी हातांत असला, म्हणजे तें त्याहून चांगलें चढतें. ही गोष्ट आम्हीं त्या दिवशीं प्रत्यक्ष पाहिली.

पालेश्वरापाशीं झाडाचा पाला वाहण्याची चाल आहे. कन्येनें दोन पानें वाहिलीं. एक आपलें व एक ऐरावताचें. वर पोंचल्यावर थंडगार झाडी, दगडी पुष्करणी आणि शंकराचें प्राचीन देऊळ. चढतां चढतां झाडींच्या फटींतून खालचीं भातखाचरें, त्यांपलीकडे नारळी-पोफळींच्या वाड्या आणि त्यांपलीकडे समुद्र असे तीन पट्टे एकावर एक दिसतात. हवा स्वच्छ असली तर समुद्रांत खांदेरी-उंदेरीचीं दोन बेटें ओळखूं येतात. या डोंगरांवरून किनाऱ्याचें शास्त्रच उलगडतें. पाऊस डोंगर अडवितो, तें पाणी खाचरांत उतरतें, खाचरांपुढें वाळूच्या बांधावर वाड्या उभ्या राहतात, आणि शेवटीं मीठ व मासळी देणारा समुद्र. चार मैलांच्या रुंदींत एवढें सगळें बसविलेलें आहे.

त्या संध्याकाळीं घरीं झोपाळ्यावर ऐरावतास बसवून कन्येनें त्याच्या वतीनें प्रवासवृत्तान्त सांगावयास सुरुवात केली. मातोश्री समोर तांदूळ निवडीत होत्या. 'मग ऐरावत नागोबाच्या टप्प्यावर बसला,' असें ती म्हणतांच सूप हालवावयाचें थांबलें, आणि मातोश्री सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, 'हे नाहीं तिथें कधीं बसायचे. म्हणायचे, टप्प्यावर बसलं कीं पाय जड होतात. गायमांडीला बसायचे, आणि डबा तिथेंच सोडायचे.' एवढें बोलून पुन्हां सूप हालूं लागलें. आम्ही एकमेकांकडे पाहिलें. चार वर्षांत डोंगराविषयीं निघालेलें त्यांचें हें पहिलें वाक्य होतें, आणि तें आमच्याशीं नव्हे, हत्तीशीं निघालें होतें.

नाताळच्या सुट्टींत कोर्लई झाली. रेवदंड्याचा पूल ओलांडून उजवीकडे वळावें, म्हणजे खाडीच्या मुखावर, तिन्ही बाजूंनीं पाण्यानें वेढलेला हा लांबट डोंगर दिसतो. त्याच्या कण्यावरून उत्तर-दक्षिण किल्ल्याची तटबंदी धांवते. १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं हें ठाणें निजामशाहीकडून घेतलें आणि १७४० मध्यें तें मराठ्यांकडे आलें. पायथ्याशीं दीपगृह आहे. तेथून पायऱ्यांनीं वर जाण्यास फार वेळ लागत नाहीं. वर एका पडक्या प्रार्थनामंदिराच्या भिंती उभ्या आहेत, आणि तटावर बसलें कीं एका बाजूस खाडीचें हिरवट पाणी व दुसऱ्या बाजूस मोकळा समुद्र, यांमध्यें आपण एका अरुंद होडींत बसलों आहोंत असा भास होतो.

परंतु कोर्लईची सर्वांत नवलाची गोष्ट गडावर नाहीं; ती खालच्या गांवांत आहे. येथील ख्रिस्ती वस्तींतले लोक आपसांत जी बोली बोलतात, ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसर्गानें घडलेली आहे. ते तिला 'नौ लिंग' म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज राज्य येथून उठल्याला पावणेतीनशें वर्षें होऊन गेलीं. तट ढासळले, तोफा गंजल्या, पण घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं नातवंडांशीं बोलतां बोलतां ही भाषा टिकविली. शाळेंत ती शिकवीत नाहींत, शाळा मराठी. जें हातांतून हातांत आणि तोंडांतून तोंडांत जातें, तें तटबंदीपेक्षां अधिक टिकतें, याचा एवढा चांगला दाखला दुसरीकडे मिळणें कठीण.

कोर्लईहून पुढें मुरुडचा रस्ता धरून आम्ही राजपुरीस गेलों आणि शिडाच्या होडींतून जंजिऱ्याकडे निघालों. ही डोंगराची वाट नव्हे. पण हत्ती बरोबर असतां तेथें जाणें प्राप्तच होतें. जंजिऱ्याच्या महाद्वारावर एक शिल्प आहे. सिंहासारख्या एका बलाढ्य पशूनें आपल्या पंज्यांत हत्ती जखडून टाकले आहेत. होडी दाराशीं लागण्यापूर्वींच आम्हीं कन्येस ही गोष्ट सांगितली. तिनें तत्काळ रुमाल काढून ऐरावताचे डोळे बांधले, आणि दार ओलांडून आंत गेल्यावरच सोडले. सिद्द्यांनीं आपला दरारा दाखविण्यासाठीं असें चित्र कोरविलें असावें, असें आम्हीं समजावून सांगितलें. तिचा प्रश्न निराळाच होता : 'मग त्या हत्तींना सोडवायचं कसं?' याचें उत्तर मराठ्यांनाही कधीं सांपडलें नाहीं, कारण जंजिरा त्यांच्या हातीं शेवटपर्यंत आला नाहीं. सिद्दीचें संस्थान १९४८ मध्यें भारतांत विलीन झालें, तेव्हांच त्या दाराचा दरारा सरला.

या जिल्ह्यांत दगडाचा आणखी एक प्रसिद्ध हत्ती होता. उरणच्या बाजूस घारापुरीच्या बेटावर धक्क्याजवळ तो उभा असे, आणि त्याच्याचवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा हें नांव दिलें. पुढें त्याला बेटावरून हलविण्याच्या खटाटोपांत त्याचे तुकडे झाले. ते जोडून आज तो मुंबईस भायखळ्याच्या जिजामाता उद्यानांत उभा केलेला आहे. ही हकीगत ऐकून मातोश्री म्हणाल्या, 'दगडाचा हत्ती हालवला कीं मोडतो. चिंधीचा कितीही हालवा.' आम्हांस हें वाक्य तेव्हां विनोदाचें वाटलें. त्याचा अर्थ पुढें सागरगडावर उमगला.

सागरगडास आम्ही चैत्राच्या अखेरीस गेलों. उन्हाळ्यांत हा डोंगर चढावयाचा तर पहाटे निघालें पाहिजे. अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळे गांवापासून वाट सुरू होते. पावसाळ्यांत येथें धोंधाण्याचा धबधबा गर्जत असतो. चैत्रांत तो म्हणजे कातळावरचा एक काळसर ओघळ. सिद्धेश्वराच्या स्थानीं पाणी पिऊन आणि थोडें टेकून पुढें चढलें, म्हणजे माचीचें सपाट पठार लागतें. तेथें आदिवासींची लहानशी वस्ती आहे, आंब्यांची सांवली आहे. आणि मग रुंद, उघड्या माळावरून किल्ल्याची वाट. शेवटच्या टोंकाशीं मूळ डोंगरापासून सुटून उभा राहिलेला एक सुळका आहे. त्यास वानरटोक म्हणतात. त्या कड्यावर आम्ही मुलीचा हात घट्ट धरून, दहा पावलें आंतच उभीं राहिलों, आणि वाचकांनींही तसेंच करावें.

वाटेंत सांवरीचीं झाडें उकललीं होतीं. फाल्गुनांत ज्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलें असतात, त्याच फांद्यांवरचीं बोंडें या दिवसांत तडकतात आणि रेशमासारखा पांढरा कापूस वाऱ्यावर निघतो. हा कापूस सूत काढावयास निरुपयोगी, कारण त्याचे तंतू गुळगुळीत व आंखूड. पण उशींत भरावयास उत्तम, कारण तो हलका असतो आणि ओल लवकर धरीत नाहीं. कन्येनें पडलेलीं बोंडें गोळा करून एक पिशवी भरली. त्या गडबडींतच अपघात झाला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंस करवंदीच्या जाळ्या होत्या. पिशवीला बांधलेला ऐरावत एका जाळींत अडकला, तिनें ओढला, आणि त्याचा मागला पाय टर्रकन् फाटला.

रडें कोसळेल असें आम्हांस वाटलें. पण ती फाटलेल्या पायाकडे टक लावून पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, 'ह्याच्या आंत आणखी कुणीतरी आहे.'

आम्हींही पाहिलें. पांढऱ्या धोतराच्या आंत कापूस होता. आणि कापसाच्याही आंत, घट्ट गुंडाळी केलेलें, हिरवें कांहीं तरी दिसत होतें. तें जुन्या लुगड्याचें कापड होतें. आम्हांला तें चटकन् ओळखतां आलें. तें हिरवें लुगडें मातोश्रींच्या अंगावर आम्हीं कित्येक वर्षें पाहिलेलें होतें.

दुपारीं घरीं परत आल्यावर कन्येनें ऐरावतास आजीपुढें ठेवलें व विचारलें, 'आजी, आंत कोण आहे?' मातोश्रींनीं चष्मा लावला, फाटलेला पाय न्याहाळला, आणि जरा वेळानें म्हणाल्या, 'मीच कीं ग.' मग त्या जें बोलल्या तें आम्हीं जसेंच्या तसें येथें देतों. 'ह्यांनीं सगळे डोंगर पाहिले. रविवारीं पहाटे चारला उठून मी डबा करून द्यायची. भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. किती वर्षं केलं त्याचा हिशेब नाहीं. पण खंडाळ्याच्या पलीकडे मी कधीं पाऊल टाकलं नाहीं. घरांत म्हातारीं माणसं, तुम्ही पोरं, निघायचं कसं? आतां गुडघे नाहीं म्हणतात. ह्यांचं धोतर डोंगरावर जाणारच होतं. म्हटलं, आपलाही एक तुकडा आंत असूं दे. कुणाला दिसणार आहे?'

या बोलण्यांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता. ऊन फार आहे, किंवा कैरीचें लोणचें या वर्षीं लवकर घालावें लागेल, असें सांगावें तशा सुरांत त्या बोलल्या. आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं प्रवासाच्या गोष्टी आहेत : कोणाचे आजोबा पायीं पंढरीस गेले, कोणाच्या काकांनीं हिमालय पाहिला, कोणी रायगड इतक्या वेळां चढला. त्या गोष्टींत वाट असते, वाघ असतो, पाऊस असतो. पहाटे चारला चूल, आणि पुढें स्टोव्ह, पेटविणारें माणूस मात्र त्या गोष्टींत नसतें. तें कापसाच्या आंत गुंडाळून ठेविलेलें असतें, आणि वरचें कापड फाटेपर्यंत कोणास दिसत नाहीं.

दुरुस्ती त्याच संध्याकाळीं झाली. जुना, गोळे झालेला कापूस काढून मातोश्रींनीं सागरगडावरचा सांवरीचा कापूस भरला. हिरवी गुंडाळी होती तेथेंच परत ठेविली. पांढऱ्या धोतराचें ठिगळ लावतां आलें असतें. धोतर शिल्लक होतें. त्यांनीं ट्रंकेंतून धोतर काढलें, क्षणभर हातांत धरलें, आणि कन्येकडे पाहून विचारलें, 'कुठलं लावूं?' कन्या म्हणाली, 'हिरवं. म्हणजे तूं दिसशील.' तेव्हांपासून ऐरावताचे तीन पाय पांढरे आणि एक हिरवा आहे. पुराणांतल्या ऐरावतास चार दांत सांगितले आहेत. आमच्या ऐरावताची खूण ही.

खेळण्यानें, बसल्या जागेवरून उठूं न शकणाऱ्या माणसाच्या वतीनें जग हिंडावें, ही गोष्ट नवी नाहीं. जर्मनींतील गींगन गांवीं मार्गारेटे स्टाइफ (१८४७–१९०९) नांवाची बाई होती. लहानपणींच्या पोलिओमुळें तिचे पाय गेले होते, उजवा हातही अधू होता. चाकांच्या खुर्चींत बसून ती शिवणकाम करी. १८७९ च्या अखेरीस एका मासिकांत आलेला हत्तीचा नमुना तिच्या पाहण्यांत आला, आणि १८८० मध्यें तिनें लोकरी नमद्याचा एक लहान हत्ती टांचण्या टोंचावयासाठीं केला. टांचण्या राहिल्या बाजूला. मुलांनीं तो खेळावयास पळविला. त्यांतून जगप्रसिद्ध खेळण्यांचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच कारखान्यांत १९०२ मध्यें तिच्या पुतण्यानें सांध्यांतून हालणाऱ्या हातापायांचें कापडी अस्वल घडविलें. कधींही डोंगर न चढलेल्या या बाईचीं खेळणीं किती मुलांच्या बगलेंत बसून किती डोंगर चढलीं असतील, याची गणती नाहीं.

मोठीं माणसेंही या सोबतीस लाजत नाहींत. अंतराळांत जातांना प्रवासी एक मऊ खेळणें दोरीनें टांगून नेतात. तें तरंगूं लागलें म्हणजे वजनरहित अवस्था आली असें समजतें. २५ जून २०२५ रोजीं आपले शुभांशु शुक्ल ज्या यानांतून अंतराळांत गेले, त्यांत या कामासाठीं 'जॉय' नांवाचा हंसाचा एक मऊ खेळणा होता. हंस म्हणजे सरस्वतीचें वाहन. एवढ्या मोठ्या यंत्रांत वजन हरपल्याची वर्दी द्यावयास शेवटीं वीतभर कापूसच लागला, हें ऐकून आमच्या घरीं सर्वांत जास्त समाधान मातोश्रींस झालें.

ज्या वाचकांस असा सोबती घरीं करावयाचा असेल, त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगून ठेवतों. कापड सुती आणि पुष्कळ धुतलेलें घ्यावें. नवें कापड धुतल्यावर आटतें आणि टीप ओढली जाते. खेळणें वीतभराहून मोठें करूं नये, कारण डोंगरावर तें वाहणारा खांदा लहान असतो. टीप दुहेरी घालावी. मान व सोंड यांत कापूस घट्ट भरावा, पोटांत सैल. म्हणजे तें उभें राहतें आणि उशालाही चालतें. पावसांत भिजलें तर उसवून, कापूस उन्हांत वाळवून पुन्हां भरावा. ओला तसाच ठेवल्यास कोंकणच्या हवेंत दोन दिवसांत बुरशी धरते. आणि फाटलें तर टाकूं नये. विकत घेतलेलें खेळणें फाटलें म्हणजे संपतें. घरीं केलेलें फाटलें म्हणजे त्यांत एक नवी गोष्ट शिवतां येते. लहान मुलांस आरंभ कोर्लईपासून करून द्यावा, मग कनकेश्वर, आणि पाय बसल्यावर हिवाळ्यांत सागरगड. पाणी भरपूर घ्यावें, आणि सागरगडावर वाटाड्यावांचून जाऊं नये.

आतां पुढील बेत रायगडाचा आहे. किनाऱ्यावरून रायगडाकडे जाणारी वाट फार जुनी. १६७४ सालीं राज्याभिषेकास मुंबईहून निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन चौलाच्या खाडीनेंच आंत शिरून गडावर गेला होता. गडावरचे हत्ती पाहून, एवढे थोरले प्राणी या कड्यांवरून वर आणले तरी कसे, असा अचंबा त्या काळीं पाहुण्यांना वाटला, आणि तीं लहान पिल्लें असतांनाच वर आणून वाढविलीं असें उत्तर मिळालें, अशी एक गोष्ट सांगतात. कन्येस ती फार पटली. कारण तिचा हत्तीही लहानच वर जाणार आहे.

परंतु या खेपेस ऐरावत एकटा आजीचा प्रतिनिधि म्हणून जावयाचा नाहीं. रायगडावर १९९६ पासून रोप-वे चालू आहे. त्याचा पाळणा हिरकणीवाडीहून सुटतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासही कांहीं मिनिटांत वर नेतो. लेकराच्या ओढीनें रात्रीं कडा उतरून गेलेल्या हिरकणीचें नांव त्या वाडीस असावें, हें आम्हांस फार योग्य वाटतें. मातोश्रींना हें सुचवितांच त्यांनीं आधीं गुडघ्यांचें कारण सांगितलें. मग पाळण्याचें ऐकून घरचें कारण सांगितलें. मग गडावरून समुद्र दिसतो का, असें विचारलें. हिवाळा बरा, असें शेवटीं ठरलें. जातां जातां त्यांचा एकच आक्षेप उरला : 'पहाटे निघायचं, मग डबा कधीं करायचा?'

त्या दिवशींचा डबा आम्ही करणार आहोंत. भाकरी, पिठलं, लसणाची चटणी.